कोकराची धाप ओळखा

थंडीत कोकरू कळपामागे रेंगाळू लागलं, कान पाडून उभं राहिलं, आईला पिईनासं झालं, की त्याच्या बरगड्यांकडे नीट पाहा. श्वास भरभर चालतोय का? नाकातून शेंबूड येतोय? अंगात १०४ अंशांवर ताप आहे? मग हा बहुधा न्यूमोनिया, म्हणजे फुफ्फुसाचा दाह.

मॅनहायमिया नावाचा जिवाणू धडधाकट मेंढीच्याही नाका-घशात राहतो. एरवी तो निरुपद्रवी असतो. पण अवकाळी पावसात भिजणं, लांबची वाटचाल, वाघरीत दाटी, ओल्या लेंड्या-मुताचा उग्र वास, यांनी कोकराची ताकद खचली की तो फुफ्फुसात उतरतो. तिथे त्याचं विष रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारतं. म्हणूनच सकाळी उड्या मारणारं कोकरू एखाद-दोन दिवसांत दगावू शकतं.

उशीर करू नका. आजारी कोकरू वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. प्रतिजैविकाचा डोस ते वजनावर ठरवतात. कोकरू तरतरीत झालं तरी औषध मध्येच सोडू नका. आणखी एक, औषध पाजताना मान उंच ताणू नका. औषध श्वासनलिकेत गेलं, तर त्यानेही न्यूमोनिया होतो.

आणि चीक! जन्मल्यावर तासा-दोन तासांत तो पोटात गेलाच पाहिजे. आईची प्रतिकारशक्ती कोकराला त्यातूनच मिळते आणि २४ तासांनंतर ती आतड्यातून रक्तात शिरत नाही. जुळ्यांतलं अशक्त कोकरू हमखास मागे पडतं. त्याला हाताने धरून पाजा.