प्रोटॉनचे वजन आणि आकड्याची सचोटी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस आणि महागाई भत्ता यांपलीकडे तो काही बोलेल अशी कोणाची अपेक्षा नसते. आज आम्ही अणूच्या पोटातल्या बलाविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. पाळी संपल्यावर वाचनालयात जे वाचले तेवढेच आमचे भांडवल. परंतु ज्यांची चूल दुसऱ्याने काढलेल्या आकड्यावर पेटते, त्यांनी हा विषय समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

गुळाचा रवा काट्यावर ठेवा, मग फोडून त्याचा खडा न् खडा तोला. बेरीज तेवढीच भरते. प्रोटॉनचे मात्र तसे नाही. शास्त्रज्ञ ज्या एककात हे वजन मोजतात त्या एमईव्हीमध्ये प्रोटॉन ९३८ भरतो. त्याच्या पोटात मुख्यतः तीन क्वार्क आहेत, आणि त्या तिघांची स्वतःची वजने मिळून जेमतेम ९ होतात. शंभरातला एक भाग हिशेबात आला, बाकीचे नव्व्याण्णव कोठून आले? ते आले क्वार्कांच्या धावपळीतून आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑनांच्या क्षेत्रातून. ऊर्जा आणि वस्तुमान एकच, हे आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितले. त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या प्रत्येकाच्या देहात आहे. येथे आमच्या कार्यकर्त्यांना संघटनेचे रूपक सुचेल. पण क्वार्कांनी काही सभासद-वर्गणी भरलेली नाही, तेव्हा ते रूपक बाजूस ठेवू.

ही बांधणी मोठी चिवट आहे. दोन क्वार्क दूर ओढू लागलो तरी ओढ ढिली पडत नाही. ती सुमारे सोळा टनांच्या ओझ्याएवढी राहते. ऊस भरलेला ट्रक, आणि तो लोंबकळतो आहे अणूहून लाखपट लहान जागेत! अशा बलापुढे कागद-पेन्सिलीचे नेहमीचे गणित थकते. यावर १९७४ साली केनेथ विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वाट काढली.

ती वाट इचलकरंजीच्या विणकराला चटकन कळेल. विल्सनने अवकाश आणि काळ मिळून एक जाळे कल्पिले. जेथे उभे-आडवे धागे एकमेकांना छेदतात तेथे क्वार्क, आणि दोन गाठींमधल्या धाग्यावर ग्लुऑन. चारी दिशांना ३२-३२ गाठी घेतल्या तर एकूण गाठी होतात १०,४८,५७६. प्रत्येक गाठीपासून चार धागे, प्रत्येक धाग्याला आठ आकडे. म्हणजे सव्वातीन कोटींहून अधिक आकडे एकाच वेळी सांभाळायचे. ते किती तऱ्हांनी मांडता येतील याला अंत नाही. सगळ्या तऱ्हा तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही.

मग काय करतात? महागाईचा निर्देशांक काढताना जे करतात तेच. प्रत्येक कामगाराच्या घरी कोणी जात नाही. निवडक कुटुंबांचा खर्च आणि निवडक बाजारांतले भाव घेतात. येथेही ज्या मांडण्यांचे महत्त्व जास्त, त्या जास्त वेळा निवडल्या जातील अशा बेताने नमुना घेतात आणि सरासरी काढतात. नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते. वीण दुप्पट बारीक केली तर गाठी सोळापट होतात. म्हणून या कामाला मोठमोठे संगणक लागतात. २००८ साली युरोपातील एका गटाने या रीतीने प्रोटॉनच्या जातीच्या कणाचे वजन काढले. गणिताने ९३६ दिले. मोजमाप ९३९ आहे. आणि आपल्या आकड्यात शेकडा तीन-चारांची चूक संभवते, तीन मोजमापे आम्ही बाहेरून घेतली आहेत, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिले.

आता आपल्या घरचे उदाहरण. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी ती १९४५ साली स्थापन केली. तेथील राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी याहून अवघड प्रश्न हाती घेतला. सुमारे पावणेदोन लाख कोटी अंश तापमानाला प्रोटॉनची बांधणी सुटते. हा बदल कोठे हळूहळू होतो आणि कोठे पाणी उकळावे तसा एकदम होतो, यांची सीमा सांगणारा बिंदू त्यांना शोधायचा होता. अडचण अशी की दाट द्रव्याचा हिशेब करताना नमुन्यांतली जमा आणि नावे एकमेकांना खाऊन टाकतात, हाती काही उरत नाही. तेव्हा जेथे हिशेब जमतो तेथे उभे राहून, दाटी किंचित वाढली तर काय फरक पडेल एवढेच त्यांनी मोजले आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधला. २००५ साली काळाच्या दिशेने चार थर घेऊन त्या बिंदूचे एक गुणोत्तर १.१ आले. २००८ साली सहा थरांची बारीक वीण घेतली, तर ते १.८ आले. दोन्ही आकडे, दोन्ही विणींसह, त्यांनी जगापुढे ठेवले. प्रयोगांतून त्या बिंदूचा ठाम पुरावा अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे.

यात आमचा काय संबंध? तो असा. एका कारखान्यात वाटाघाटींच्या वेळी कामाच्या वेगाचा एक आकडा आमच्यापुढे ठेवण्यात आला. त्यावर साऱ्या खात्याची मजुरी ठरणार होती. आम्ही विचारले, किती दिवस मोजले? कोणत्या पाळ्या? जुनी यंत्रे धरली की नवीच? उत्तर मिळाले, "संगणकाने काढला आहे." जणू वेदवाक्यच!

श्रोतेहो, प्रोटॉनचे वजन काढणारा संगणक आमच्या खात्याच्या संगणकाहून कितीतरी पटींनी बलाढ्य असतो. तरीही त्याच्या आकड्याला चार प्रश्न चुकत नाहीत: नमुना किती, वीण किती बारीक, बाहेरून काय घेतले, आणि चूक किती संभवते? निर्जीव कणाच्या बाबतीत जी सचोटी पाळली जाते, ती माणसाच्या भाकरीच्या बाबतीत मागणे हा आडमुठेपणा नव्हे. पुरात बुडालेल्या घराच्या भरपाईचा आकडा असो, उसाच्या उताऱ्याचा असो की विणकराच्या मजुरीचा असो, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका, एवढेच आमचे मागणे आहे. उत्तर देणारा प्रामाणिक असेल तर तो रागावणार नाही; प्रश्नाची वाट पाहत असेल.