नारायणगड आणि इंग्रजीतला स्वल्पविराम

बीड जिल्ह्यातला नारायणगड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. इंग्रजीत लिहायचं तर, 'नारायणगड, व्हिच इज नोन ॲज धाकटी पंढरी, इज इन बीड डिस्ट्रिक्ट.' मराठीतल्या 'जो-तो' रचनेच्या सवयीनं मुलं शेवटच्या 'इज'आधी 'इट' घुसडतात. तो नकोच, कर्ता आधी आलाय.

खरी गंमत स्वल्पविरामाची. 'द वारकरीज हू वॉक्ड वेअर टायर्ड', म्हणजे चालत आलेले तेवढेच दमले. 'हू वॉक्ड'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, की सगळेच चालत आले आणि सगळेच दमले! इंग्रजीत अर्ज लिहिताना दोन स्वल्पविरामांमधला मजकूर झाकून वाक्य वाचा. कोणाविषयी बोलताय हेच बदललं, तर स्वल्पविराम काढून टाका.