पाळणा, कॅमेरा आणि आत्यांचा फोटो

मागच्या वेळी मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते. आज जरा वेगळा विषय आहे. मला दोन नाद आहेत, पाळण्यांचा आणि फोटोचा. दोन्ही लागले ते आमच्या गावच्या जत्रेत.

मी तिसरीत असेन. जत्रेत आकाशपाळणा आला होता, आणि त्याच्या शेजारी फोटोवाल्याचा तंबू. तंबूत पुठ्ठ्याचा चंद्र होता, त्यावर बसून फोटो काढायचा. आईकडे एकाच गोष्टीपुरते पैसे होते. मी पाळणा निवडला आणि वरून अख्खा वेळ त्या तंबूकडेच बघत राहिले. पुढे बीएला असताना मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणायचे. आता मोबाइल आहे, त्यामुळे मागावा लागत नाही.

गेल्या वर्षी गटाच्या बावीस जणी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. वर्षभर महिन्याला दोनशे रुपये सहलीसाठी वेगळे ठेवले होते. बचतीच्या पैशाला हात लावला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर फोन येतील. हे पार्क २०१३ साली सुरू झालं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाता येतं. तिथला नायट्रो नावाचा रोलर कोस्टर साधारण चाळीस मीटर उंच आहे. बसल्यावर पायाखाली फळीसुद्धा नसते, पाय नुसते लोंबकळतात. पाण्यातली एक सफर राजासॉरसच्या नावाची आहे. हा डायनासोर आपल्याच देशातला, गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून त्याला नाव मिळालं. हे मी रांगेत सगळ्यांना सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही.

आता फोटोचं सांगते. पहिलं काम म्हणजे भिंग पुसा. आपला फोन पिठाच्या, तेलाच्या हाताचा असतो, फोटो धुरकट येतो आणि आपण फोनला नावं ठेवतो. सुती पदराने हलकेच पुसलं तरी चालतं. दुसरं म्हणजे दुपारी बाराला चेहऱ्याचे फोटो काढू नका, डोळ्यांखाली काळं दिसतं. सकाळी किंवा चारनंतर काढा. दुपारी काढायचाच असेल तर सावलीत उभं करा.

पळणाऱ्या गाडीचा फोटो कसा काढायचा, हे मला सगळ्या जणी विचारतात. गाडीच्या मागे धावू नका. ती रुळावरची आहे, दर वेळी त्याच वळणावर येणार. पहिल्या फेरीला नुसतं बघा. कुठून वळते, ऊन कुठल्या बाजूने पडतं, वर चढताना साखळीचा आवाज थांबल्यावर किती आकड्यांनी खाली येते, ते मोजा. दुसऱ्या फेरीला फोन त्या वळणावर धरून ठेवा, पडद्यावर तिथेच बोट दाबून ठेवा म्हणजे नजर तिथे पक्की बसते, आणि गाडी येण्याच्या किंचित आधीपासून फोटो काढत राहा. दहातला एक बरा येतो. नऊ पुसून टाका. रात्री पाळण्याचे दिवे काढताना कोपर कठड्यावर टेकवा, हात हलत नाही.

आणि फोन घेऊन पाळण्यात बसू नका. तिथे सामान ठेवायला लॉकर असतात. एवढ्या वेगात हातातून सुटलेला फोन खाली कुणाच्या डोक्यात बसला तर काय होईल, विचार करा.

पार्क आणि कॅमेरा ही जोडी जुनीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हाच आत कोडॅक कंपनीचं दुकान होतं. पुढे तर फोटोला चांगली जागा कुठली, याच्या पाट्याच लागल्या. मला त्या पाट्यांचं फारसं कौतुक नाही. सगळ्यांचा फोटो एकाच जागेवरून कशाला?

माझा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला फोटो नायट्रोतून उतरून बाहेर येण्याच्या वाटेवर मिळाला. आमच्या गटातल्या एक आत्या आहेत, पंचावन्नच्या पुढच्या. पाळण्यात पदर अडकायला नको म्हणून सगळ्यांनी ड्रेस घालायचा ठरला होता. आत्यांनी सुनेचा घातला, आयुष्यात पहिल्यांदा. उतरल्या तेव्हा केस सुटलेले, ओढणी पिशवीत, गुडघ्यांवर हात टेकून हसत होत्या. पोट धरून हसतात तसं. मी काढला. गाडीत बसल्याबसल्या गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला.

आम्ही घरी पोचायच्या आत तो गावभर झाला होता. कुणी पुढे पाठवला, कळलं नाही. पारावर आत्यांच्या मुलाची चेष्टा झाली. दीर दारात येऊन नको ते बोलून गेले. आत्या दोन बैठकांना आल्या नाहीत, हप्ता सुनेच्या हाती पाठवला.

मी त्यांच्या घरी गेले. मनात दिराला दोष देत गेले होते, खोटं कशाला बोलू. आत्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "फोटो वाईट नव्हता गं. पण तोंड माझं होतं ना? आधी मला दाखवायचास." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली आणि त्यांच्याबरोबर ज्वारी निवडत बसले. निघताना म्हणाल्या, "त्याची कागदावरची प्रत मिळंल का?"

प्रत करून दिली. ती त्यांच्या ट्रंकेत आहे, भिंतीवर नाही. तिसऱ्या बैठकीला त्या आल्या आणि ज्याचा फोटो त्याला आधी दाखवायचा, हा ठराव आम्ही वहीत लिहिला. सूचक म्हणून आत्यांचंच नाव आहे.

यंदाच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या रांगेत आत्या भेटल्या. त्यांनी माझा फोन काढून घेतला. म्हणाल्या, "तू बस वर, मी काढते." मी बसले. खाली आल्यावर बघितलं तर फोटोत अर्धा पाळणा, खूप आभाळ आणि कोपऱ्यात माझ्या चपला. आत्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "टाकू का गटावर?"

मी म्हटलं, टाका.