लसीचा हिशेब



कोरोनात सरकारी लस फुकट होती. तरी आपले लोक म्हणायचे, "रोजी कोण बुडवणार?" खोटं नाही ते. पण हिशेब मांडून पाहा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड १५० रुपये डोसने घेतली. दोन डोसचे ३०० झाले. अन् खासगी दवाखान्यात व्हेंटिलेटरच्या खाटेचा, राज्य सरकारने मे २०२० मध्ये बांधून दिलेला दर होता दिवसाला ९,००० रुपये. म्हणजे तीस जणांना लस देऊन एकाचा एक दिवस जरी टळला, तरी पैसे वसूल! लशीनंतरही कोरोना व्हायचाच, पण बहुतेकांचा घरीच निभायचा. बुलढाण्याहून अकोला-औरंगाबादचं गाडीभाडं तर मी धरलंच नाही.

राहिली रोजी. पुढच्या साथीत लस विहारातच मागू या, अन् तीही संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर.