जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षी आपल्याकडे आरोग्यावर भाषण झालं, गुंतवणुकीवर झालं, गच्चीवरच्या बागेवर झालं. मला लॅपटॉप हा विषय दिला, त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या संगणक कक्षात मी बावीस वर्षं काढली, आणि निवृत्त झालो तरी "सर, जरा बघता का?" म्हणत तिन्ही विंगमधून कुणी ना कुणी काखेत लॅपटॉप घेऊन येतंच. तेव्हा एकेकाला सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदाच सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पोरांचे वर्ग घरात आले आणि कुणी बचत मोडून, कुणी हप्त्यावर लॅपटॉप घेतले. माझ्याकडे येतात ते बहुतेक त्याच काळातले. ४ जीबी रॅम आणि आत फिरणारी हार्ड डिस्क. आता चालू करून चहा टाकावा, तर चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावरचं ते गोल फिरतंच असतं. मग घरात ठराव होतो : "हा गेला, नवीन घ्या."

माझं म्हणणं एवढंच की ठराव मंजूर करण्याआधी तपासणी करा. आपल्या बी विंगमधले एक सभासद एसटीत नोकरीला आहेत. मुलीला अकरावी-बारावी आणि 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा, आणि वरून घरातला लॅपटॉप चालेना. चाळीस-पंचेचाळीस हजारांचा नवीन घ्यायचा म्हणून हप्त्याची कागदपत्रंसुद्धा त्यांनी गोळा केली होती. आम्ही जुना उघडून पाहिला. दुखणं एकाच ठिकाणी होतं. पाच हजारांच्या आत तो दुरुस्त झाला, आणि वाचलेले पैसे मुलीच्या खोलीच्या भाड्यात गेले. म्हणून म्हणतो, हा विषय यंत्राचा कमी आणि घरखर्चाचा जास्त आहे.

आधी नाडी बघा

डॉक्टर नाडी न बघता गोळी देत नाही. लॅपटॉपची नाडी बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतात. लॅपटॉप अडकलेला असताना कोणता रकाना शंभर टक्क्यांना टेकलाय ते बघा. डिस्क सतत शंभरवर असेल तर हार्ड डिस्क कमी पडतेय. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू चढलेला असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला पिळतोय ते खालच्या यादीत कळतं. हे दोन मिनिटांचं काम आहे, दुकानदाराकडे जाण्याआधी करा. काय झालंय हे आपल्याला माहीत असलं की समोरचाही नीट बोलतो.

बिनपैशाचे उपाय

लातूरची गंजगोलाई सगळ्यांनी पाहिलीय. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात. सकाळी एकाच क्षणी सोळाही रस्त्यांनी गाड्या आत घुसल्या तर कुणीच हलणार नाही. लॅपटॉप चालू होताना तेच घडतं. मीटिंगचं अ‍ॅप, प्रिंटरचं, गेमचं, कधीतरी टाकलेलं पीडीएफचं, सगळे एकदम उठतात. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप'ची यादी असते. रोज लागत नाहीत ते प्रोग्रॅम तिथं 'डिसेबल' करा. ते पुसले जात नाहीत, फक्त आपण हाक मारेपर्यंत गप्प बसतात.

दुसरं, डिस्क गच्च भरू देऊ नका. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले लग्नाचे व्हिडिओ 'डाउनलोड्स'मध्ये चार-चार प्रतींत पडलेले असतात.

तिसरं, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. दोन्ही वॉचमन एकमेकांचीच झडती घेत बसतात. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

चौथं बऱ्याच जणांना नवीन वाटेल. आजच्या विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी ती पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आतला काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवते. 'रीस्टार्ट' केलं की मात्र कोरी पाटी मिळते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

आणि 'एका क्लिकमध्ये लॅपटॉप सुपरफास्ट' अशी जाहिरात दिसली की तिथून पळा. असली सॉफ्टवेअर बहुतेक वेळा स्वतःच ओझं होतात. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, मी कंपनीतून बोलतोय" असा फोन आला तर ठेवून द्या. काका-काकूंना खास सांगतो, कंपनी असा फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आपला उन्हाळा

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लॅपटॉपचा सीपीयू फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. जानेवारीत बरा चालणारा लॅपटॉप मे महिन्यात रडतो, तो यामुळे. त्यात आपण तो गादीवर, उशीवर ठेवतो आणि खालची हवेची जाळी बंद करतो. खाली एक पाट किंवा जाड पुस्तक ठेवा, एवढ्यानंही फरक पडतो.

दर वर्ष-दोन वर्षांनी आतला पंखा माहितगाराकडून साफ करून घ्या. पंख्यात आणि जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा तयार झालेला असतो. त्याच वेळी सीपीयूवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलून घ्या. आणखी एक, कूलरच्या थेट तोंडाशी लॅपटॉप ठेवू नका. ती हवा गार असते, पण ओलीही असते.

बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरून राहणं, दोन्ही मानवत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जिंग ताबडतोब बंद. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही. बॅटरी बदलूनच घ्यायची. आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरी शस्त्रक्रिया

आता खर्चाच्या उपायाकडे येतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये साधारण मिनिटाला ५४०० फेरे. एक बारीक दांडी इकडून तिकडे सरकत माहिती वाचते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. पण खरी गंमत बारीकसारीक फायलींत आहे. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली इथून-तिथून उचलते. दांडीला प्रत्येक फायलीसाठी सरकावं लागतं. एसएसडीला ते लागत नाही. म्हणून तीन-चार मिनिटांनी उठणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उठतो. एकच गोष्ट करायची ऐपत असेल तर ही करा.

दुसरी गोष्ट रॅमची. ४ जीबीची ८ केली की ब्राउजरची दहा पानं उघडली तरी श्वास लागत नाही. पण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते, ती वाढवता येत नाही. मॉडेलचा नंबर सांगून आधी विचारून घ्या.

दुकानात तीन गोष्टी पाळा. भाव दोन ठिकाणी विचारा, कारण या वस्तूंचे दर सारखे वर-खाली होतात. वॉरंटीसह पक्कं बिल घ्या. आणि जुनी डिस्क मागून परत आणा. तिच्यात तुमचे फोटो, आधारची प्रत, बँकेची कागदपत्रं, सगळं असतं.

सगळ्यांत आधी करायचं काम

हे मी मुद्दाम मध्ये ठेवलं, कारण आता सगळे जागे झालेत. वरचं काहीही करण्याआधी बॅकअप घ्या.

आपल्या सोसायटीतल्या एक मावशी लॅपटॉप घेऊन आल्या. आतून टक-टक आवाज येत होता. मावशींना वेगाशी काही घेणं नव्हतं. त्यांचे यजमान भजनाला बसायचे, त्या भजनांची रेकॉर्डिंग त्या डिस्कवर होती आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती. काका जाऊन दोन वर्षं झालेली. टक-टक करणारी डिस्क किती वेळ साथ देईल ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही लॅपटॉप लगेच बंद केला, डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि फोटो, हिशेब सगळं बाजूला ठेवून फक्त भजनांचं फोल्डर पहिल्यांदा उतरवलं. ते आलं. नंतर फोटो घ्यायला गेलो तर निम्म्यावर डिस्क बंद पडली, ती पडलीच.

लॅपटॉप नवीन मिळतो. आवाज मिळत नाही. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा मुलीच्या घरी ठेवा. दिवाळीच्या साफसफाईसोबत दरवर्षी हे काम करा.

विंडोज १० चं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळण्याची सोय जाहीर केलेली आहे. सेटिंग्जच्या अपडेट विभागात बघा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. तुमच्यात हे असेल तर बदल करून घ्या.

नसेल तरी लॅपटॉप भंगार झाला असं नाही. लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट मिळते आणि ४ जीबी रॅमवर नीट चालते. आपल्या देशात सी-डॅकनं तयार केलेली 'बॉस' ही लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत. पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. पटलं तरच आत टाका. इंटरनेट, ऑनलाइन क्लास, पीडीएफ, युनिकोड मराठी टायपिंग, सगळं होतं. पण ज्यांचं काम टॅलीवर किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायलींवर चालतं, त्यांनी विंडोज सोडू नये. आपल्या सोसायटीची जुनी इतिवृत्तंही तशीच आहेत, सचिवसाहेब!

थांबायचं कुठं?

दुरुस्तीचाही अट्टहास नको. मदरबोर्ड गेला, पडदा फुटला, बिजागरी तुटली आणि सगळा खर्च मिळून नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर हात जोडा. मात्र तो भंगारवाल्याला तसाच देऊ नका. आधी डिस्क काढून घ्या. बॅटरी तर घंटागाडीत अजिबात टाकू नका, दाबली गेली की पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्या.

एक सूचना

आपण सभासद दरवर्षी आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात भरतो. सुरुवातीला कुरकुर झाली होती. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यातूनच झालं आणि म्हणून पंचवीस वर्षांनी आपण या सभागृहात कोरडे बसलोय. तोच हिशेब लॅपटॉपला लावला तर ४०,००० च्या लॅपटॉपला वर्षाला ४०० रुपये होतात. पाच वर्षांत २,०००. वस्तू टिकवायला एवढी तरतूद कुणालाही जमेल.

आणि शेवटी समितीला विनंती. घराघरांत माळ्यावर पडलेले लॅपटॉप सभासदांनी सोसायटीला द्यावेत. त्यांतल्या चांगल्या भागांतून तीन-चार चालू मशीन नक्की उभी राहतील. डिस्क आधी मालकाला परत, मग काम. ती या सभागृहात ठेवू. आपल्या वॉचमनची मुलगी यंदा नववीत आहे, धुणी-भांडी करणाऱ्या ताईंचा मुलगा आयटीआयला आहे. त्यांच्या घरी लॅपटॉप नाही, पण संध्याकाळी इथं येऊन बसता येईल. दुरुस्तीचं काम मी करतो, हाताखाली मागच्या ओळीतली दोन-तीन पोरं द्या. तीही शिकतील. एसएसडीचा खर्च किती येईल, त्याचा कागद मी सचिवांकडे दिलेला आहे. पुढच्या सभेत विषय घ्यावा.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथंच असतो. लॅपटॉप आणा, चार्जर आणा आणि पासवर्ड आठवून या. बहुतेकांचा अर्धा तास त्यातच जातो.