कच्छ : जुन्या भेगांची नवी हालचाल
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



गुजरातच्या भूमीवर साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्या संस्थेने भूविज्ञानाच्या अभ्यासकाला पाचारण केले, तेव्हा विषयासाठी दूर जावे लागले नाही. कच्छ आपल्याच राज्यात आहे.

गोंडवन महाखंड फुटू लागले, तेव्हा पश्चिम भारताचे कवच ताणले गेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने कच्छ, खंभात आणि नर्मदा अशा तीन खचदऱ्या निर्माण झाल्या. कच्छच्या खचदरीत समुद्र शिरला. त्या गाळाच्या खडकांत आजही अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. त्या काळी पूर्व-पश्चिम प्रस्तरभंगांवर भूमी खचत होती. पुढे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूपट्ट आशियाला भिडला आणि कालांतराने येथे ताणाची जागा दाबाने घेतली. भेगा त्याच राहिल्या, हालचाल मात्र उलटली. जे खचत होते, ते उचलले जाऊ लागले.

ही हालचाल अद्याप थांबलेली नाही. १६ जून १८१९ रोजी रणात जमीन वर येऊन लांबच लांब बांध उभा राहिला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. मानवाने न बांधलेल्या त्या बांधाला लोकांनी ‘अल्लाबंद’ म्हटले. १९५६ साली अंजार हादरले. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भचाऊ परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा मूळ भ्रंश भूपृष्ठापर्यंत पोहोचलाच नव्हता. नकाशावर रेघ नाही म्हणून धोका नाही, असे मानता येत नाही, हा त्याचा धडा.

दुसरा धडा आपल्या घरांविषयी आहे. दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. नदीच्या गाळाच्या जाड थरांत कंपने वाढली. आणि वाहनतळासाठी तळमजला केवळ खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारतींना ती सोसवली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनी असाच घात केला होता. भूकंपापेक्षा त्यात पडणारे घर अधिक माणसे मारते.

म्हणून पालकहो, सदनिका घेताना दर आणि दिशा विचारता, तसेच खांबांचे आरेखन भूकंपरोधक संहितेनुसार आहे का, हेही विचारा. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत. त्यांनी या शाळेच्या जुन्या वास्तूची तपासणी करून द्यावी. हीरक महोत्सवाची याहून उचित गुरुदक्षिणा मला सुचत नाही.