कारखाना ते शोरूम : तुमची 'नवी' गाडी आधी कुठे कुठे राहून येते?

आजचा विषय आमच्या घरातल्या एका भांडणातून आलाय. भांडण बाबांशी, आणि ते गाडीवरून.

2024 चा दसरा होता 12 ऑक्टोबरला. बाबांची आयुष्यातली पहिली कार. तोवर स्कूटरवरच सगळं निभावलेलं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी शोरूममधून फोन आला, "सर, गाडी आली आहे. उरलेलं पेमेंट करा, आजच रजिस्ट्रेशनला टाकतो, दसऱ्याला हार घालून घेऊन जा." बाबा खूश. मी म्हटलं, "आधी गाडी बघायची." बाबा म्हणाले, "नव्या गाडीत काय बघायचं?"

मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून आधी गाडीचा प्रवास समजून घेऊ.

असेंब्ली लाइनवरून गाडी उतरली, तिच्या चाचण्या झाल्या, की ती कारखान्याच्या यार्डात जाते. सीटवर प्लॅस्टिक, अंगावर जागोजागी पांढऱ्या पट्ट्या. पेट्रोल अगदी थोडं, चढण्या-उतरण्यापुरतं. बऱ्याच गाड्या 'ट्रान्सपोर्ट मोड'मध्ये ठेवतात, म्हणजे बॅटरी उतरू नये म्हणून नको ती इलेक्ट्रॉनिक्स बंद.

इथून दोन वाटा. पहिली रस्त्याची. चाकणच्या बाजूला राहणाऱ्यांना हे ट्रेलर रोजचेच, दोन मजली, पोटात गाड्या भरलेले. प्रत्येक गाडी रॅम्पवरून चालवत चढवतात आणि चाकं पट्ट्यांनी आवळून बांधतात. मग घाट, पाऊस, टोलनाक्याची रांग. उतरवताना कुठे ओरखडा दिसला तर तो ट्रेलरच्या कागदावर लिहून घेतात, कारण नंतर भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न येतो.

दुसरी वाट रेल्वेची, आणि ही मला जास्त आवडते. आपल्या रेल्वेने निवृत्त झालेले प्रवासी डबे गाड्या वाहायला वापरले. खिडक्या-दारं बंद केली आणि डब्याच्या टोकाला दार काढलं. गाडी शेवटच्या डब्यात चढते आणि एका डब्यातून दुसऱ्यात अशी आतल्या आत चालत पुढे जाते. नंतर खास दुमजली वॅगनही आल्या. मारुती सुझुकीने 2014-15 मध्ये रेल्वेने 65,700 गाड्या पाठवल्या होत्या, 2023-24 मध्ये तोच आकडा 4,47,750 झाला. मार्च 2024 मध्ये गुजरातमधल्या हंसलपूरला आणि जून 2025 मध्ये हरियाणातल्या मानेसरला थेट कारखान्याच्या आवारातच रेल्वे साइडिंग सुरू झालं.

पण रेल्वे शोरूमच्या दारात येत नाही. स्टेशनवर उतरलेली गाडी पुन्हा ट्रेलरवर चढते, मग डीलरच्या स्टॉकयार्डात जाते. शोरूम चकचकीत असतं, यार्ड मात्र बहुतेक वेळा शहराबाहेरचं मोकळं मैदान. ऊन, धूळ, पाऊस सगळं गाडीच्या अंगावर.

आता खरी गोष्ट ऐका. दर महिन्याच्या 1 तारखेला बातम्या येतात ना, अमुक कंपनीने इतक्या लाख गाड्या विकल्या? तो आकडा बहुतेक वेळा कंपनीने डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो, तुमच्या-आमच्या दारात आलेल्यांचा नाही. कंपनीच्या हिशेबात गाडी विकली गेली. डीलरने ती बहुतेकदा बँकेच्या कर्जावर उचललेली असते आणि व्याज रोज चढत असतं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच ओळखीचं वाटलं: पुढची सिस्टिम हळू चालतेय, मागची डेटा ढकलतेच आहे, आणि मधली रांग फुगतेय. डीलरांची संघटना 'फाडा'ने सप्टेंबर 2024 साठी सांगितलं होतं की डीलरांकडे 80 ते 85 दिवसांचा स्टॉक पडून आहे. म्हणजे आम्ही गाडी घ्यायला गेलो नेमक्या त्याच दिवसांत!

हट्टाने बाबांना यार्डात घेऊन गेलो. गाडीवर धुळीचा थर, आणि एक टायर बसलेला. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर होतं 1324, म्हणजे मार्चअखेरचा टायर. मग गाडी कधीची? सेल्समनला लेखी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, एप्रिल. बुकिंग आम्ही सप्टेंबरमध्ये केलेलं.

"सर, नवीच आहे, कोणी चालवलेली नाही," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. सहा महिने उभी राहिली म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. पण ती तशी आहे हे आम्हाला सांगायला हवं होतं. किंमत कमी करून दिली असती तर विचारही केला असता. ताज्या गाडीची किंमत घेऊन जुना स्टॉक गळ्यात मारणं मात्र चालणार नाही.

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं, मुहूर्तासाठी हो म्हणतील. ते म्हणाले, "आपण ज्वारी घेतानासुद्धा पोतं उघडून बघतो. दुसरी दाखवा."

दसरा गेला. घरात दोन दिवस शांतता होती, खोटं कशाला सांगू. दुसरी गाडी सप्टेंबरची मिळाली. मीटरवर 38 किलोमीटर. तिला यार्डात उन्हात तासभर बघितलं, मगच रजिस्ट्रेशनला हो म्हटलं. 2 नोव्हेंबरला, पाडव्याला, गाडी दारात आली. तोही साडेतीन मुहूर्तांतलाच की!

तर मंडळी, लक्षात ठेवा. एक, चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी मागा. हा महिना आरसीवर येतो आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक तोच बघतं. दोन, गाडी दिवसाउजेडी बघा: रंगातला फरक, काचा, टायर, मीटर, बॅटरी. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं रजिस्ट्रेशनच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की ती गाडी तुमची, तिच्या ओरखड्यांसकट. मग बदलून मागणं फार अवघड जातं.

आणि हो, सेल्समनवर चिडू नका. त्याच्या डोक्यावर टार्गेट आहे, मालकाच्या डोक्यावर व्याज. आपण फक्त पोतं उघडून बघायचं.

तुमच्या गाडीच्या टायरवर कुठला कोड आहे? आज खाली जाऊन बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!